ग्रँट खरंच 'कसाई' होता का? यादवी युद्धातल्या सेनापतींची पारख

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा रॉबर्ट ली हाच सर्वश्रेष्ठ सेनापती होता आणि उत्तरेचा युलिसिस ग्रँट केवळ संख्याबळाच्या जोरावर, आपली माणसं कापून घेत जिंकला, असं जे सर्रास लिहिलं जातं ते खरं का? अशा युद्धातल्या सेनापतींचं मूल्यमापन करायचं तर कशाच्या आधारे? आणि कोणाच्या नावावर इतिहासात अन्याय झाला?

आधी माझं मत सांगतो. लढाई उभी राहिल्यावर ती हाताळण्यात लीला तोड नव्हती, पण युद्ध जिंकण्याच्या हिशोबात ग्रँट त्याच्याहून मोठा सेनापती होता. 'कसाई' ही शिवी आकड्यांपुढे टिकत नाही. लीच्या हाताखालचा सेनापती लाँगस्ट्रीट याची बदनामी युद्धानंतरच्या राजकारणातून झाली. आणि उत्तरेचा जॉर्ज थॉमस हा पहिल्या रांगेतला माणूस आजही तिसऱ्या रांगेत उभा आहे.

मी लष्करात होतो आणि नंतर तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. शिकवायला हे युद्ध मी मुद्दाम निवडतो, ते त्याच्या कागदपत्रांसाठी. दोन्ही बाजूंचे हुकूम, तारा, पत्रं आणि लढाईनंतरचे अहवाल अमेरिकन सरकारने १८८० ते १९०१ या काळात १२८ ग्रंथांत छापले. कोणता हुकूम किती वाजता लिहिला आणि त्या घटकेला लिहिणाऱ्याच्या हाती कोणती खबर होती, हे बऱ्याचदा पडताळून पाहता येतं. कीर्ती तपासायची तर सुरुवात तिथून करायची. आठवणींची पुस्तकं, पुतळे आणि शतकभराची भाषणं नंतर.

ग्रँटबद्दल बोलताना लोक १८६४ च्या उन्हाळ्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच गफलत होते. त्याच्या एक वर्ष आधीची व्हिक्सबर्गची मोहीम पाहा. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावरचं हे शहर दक्षिणेच्या हाती होतं, तोवर नदी उत्तरेला बंद होती. हिवाळाभर कालवे खणून, दलदलीतून वाटा शोधून ग्रँटचे सगळे प्रयत्न फसले. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री आरमाराची जहाजं शहराच्या तोफांच्या माऱ्यातून खाली निसटली, फौज पश्चिम काठाने चालत दक्षिणेला गेली आणि ३० एप्रिलला नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात उतरली. त्याचा जिवलग सहकारी शेरमन याने या बेताला लेखी विरोध केला होता. ग्रँट सरळ व्हिक्सबर्गवर गेला नाही. तो आधी ईशान्येला जॅक्सन शहराकडे वळला, तिथे जमणारी जोसेफ जॉन्स्टनची फौज हुसकली आणि मग पश्चिमेला वळून व्हिक्सबर्गचा सेनापती पेंबर्टन याला गाठलं. १ मे ते १७ मे या सतरा दिवसांत पाच लढाया झाल्या आणि पाचही त्याने जिंकल्या. १९ आणि २२ मेचे थेट हल्ले फसल्यावर वेढा घातला आणि ४ जुलैला सुमारे २९,५०० सैनिकांची अख्खी फौज शरण आली. उत्तरेचे मृत, जखमी, बेपत्ता मिळून आकडा सुमारे १०,०००. या मोहिमेच्या बहुतेक काळात त्या भागातल्या शत्रूची एकूण संख्या त्याच्यापेक्षा फारशी कमी नव्हती, पण प्रत्येक लढाईच्या जागी मात्र तो वरचढ संख्येने हजर असायचा. 'संख्याबळावर जिंकला' म्हणणाऱ्याने हे संख्याबळ नेमक्या ठिकाणी आणलं कोणी, याचं उत्तर द्यावं.

आता १८६४. मार्चमध्ये लिंकनने ग्रँटला सगळ्या फौजांचा प्रमुख केलं. ९ एप्रिलला त्याने व्हर्जिनियातल्या फौजेचा सेनापती मीड याला लिहिलं की तुझं लक्ष्य लीची फौज, ली जिथे जाईल तिथे तूही जायचं. रिचमंड ही दक्षिणेची राजधानी हे लक्ष्य नाही, फौज हे लक्ष्य. मे महिन्यात सुमारे १,२०,००० माणसं घेऊन उत्तरेची फौज निघाली, समोर लीची सुमारे ६५,०००. विल्डरनेसच्या जंगलात ५ आणि ६ मेला उत्तरेची सतरा हजारांहून जास्त माणसं पडली. आधीच्या तीन वर्षांत असा मार खाल्ल्यावर उत्तरेचा सेनापती नदी ओलांडून मागे जायचा आणि सैनिकांना त्याची सवय झाली होती. ७ मेच्या रात्री फौज एका तिठ्यावर आली, तिथून ग्रँट दक्षिणेला वळला आणि दमलेल्या, हरल्यासारख्या वाटणाऱ्या सैनिकांनी जयघोष केला. पुढच्या वर्षभरातली सगळ्यात महत्त्वाची घटना मला हीच वाटते.

जूनच्या मध्यापर्यंत उत्तरेचं नुकसान सुमारे ५५,००० झालं, लीचं ३०,००० ते ३५,०००. नुसते आकडे मांडले की ग्रँट कसाई दिसतो. ते मूळ फौजेशी ताडून पाहा: दोघांनीही सुरुवातीच्या फौजेच्या जवळजवळ निम्मी माणसं गमावली होती. ग्रँटला भरती मिळत होती, लीची भरती आटत चालली होती, आणि ग्रँटला हे ठाऊक होतं. शिवाय तो हल्लेखोर होता. रायफलची गोळी आता चारशे पावलांवरूनही माणूस पाडत होती आणि समोरचा सैनिक एका रात्रीत मातीचा बांध आणि लाकडी आडोसा उभा करत होता. असा हल्ला करून कमी माणसं गमावणारा सेनापती या युद्धात विरळाच, ली तर नाहीच.

कोल्ड हार्बरची गोष्ट वेगळी करून सांगतो, कारण शिवीचा उगम तिथलाच. ३ जून १८६४ च्या सकाळी ग्रँटने पक्क्या खंदकांवर समोरून हल्ला करवला. अर्ध्या तासात सात हजार माणसं पडली असं पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं. रेजिमेंटवार याद्या तपासल्यावर सकाळच्या मुख्य हल्ल्याचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. तरीही हल्ला चुकीचाच होता. जागेची नीट पाहणी न करता तो झाला आणि नंतर जखमींना उचलण्यासाठी तात्पुरती युद्धबंदी कोणी कोणत्या शब्दांत मागायची, यावर दोन्ही सेनापतींची पत्रापत्री चालू असताना माणसं उन्हात मेली. याचा दोष दोघांचा आहे. ग्रँटने आपल्या आठवणींत त्या हल्ल्याचा पश्चात्ताप स्पष्ट नोंदवला. पण त्याच महिन्यात, १२ जूनच्या रात्रीपासून, त्याने लीच्या डोळ्यांसमोरून फौज काढून घेतली, जेम्स नदीवर दोन हजार फुटांहून लांब होड्यांचा पूल बांधला आणि रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गवर धडक मारली. काही दिवस लीला तो नेमका कुठे आहे हे उमगलं नाही. पीटर्सबर्ग त्याच आठवड्यात पडायला हवं होतं. हाताखालच्या सेनापतींनी चार दिवस घोळ घातला आणि ग्रँटने स्वतः लगाम हाती घेतला नाही, ही त्याच्या खात्यावरची खरी चूक. कोल्ड हार्बरवर शेकडो पानं लिहिली जातात, या चुकीवर फार कमी.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. उत्तर आणि दक्षिण माणसं सारख्या पद्धतीने मोजत नव्हत्या. उत्तरेच्या हजेरीत कामावर हजर असलेला प्रत्येक जण धरला जायचा. दक्षिणेत पुष्कळदा फक्त प्रत्यक्ष लढणाऱ्यांची संख्या दिली जायची, त्यामुळे लीची फौज होती त्यापेक्षा कागदावर लहान दिसते. जखमींचंही तसंच. १४ मे १८६३ ला लीने हुकूम काढला की जो जखमी कामावर राहू शकतो त्याला नुकसानीच्या यादीत धरायचं नाही. त्यानंतरचे दक्षिणेचे आकडे उत्तरेच्या शेजारी तसेच ठेवले की तुलना सुरुवातीलाच वाकडी होते. कोणी मोठ्या आवेशाने आकडे फेकले, तर ते कसे मोजले होते हे आधी विचारा.

लीकडे वळताना मी त्याला काहीही कमी लेखत नाही. १ जून १८६२ ला त्याने फौजेची सूत्रं घेतली तेव्हा उत्तरेच्या मॅक्लेलनची लाखभर फौज रिचमंडच्या वेशीवर होती. तीन महिन्यांत त्याने युद्ध वॉशिंग्टनच्या दारात नेलं. १८६३ च्या मे महिन्यात चान्सेलर्सव्हिलला दुपटीहून मोठ्या फौजेसमोर त्याने आपली लहान फौज विभागली, हाताखालचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याला वळसा घालून शत्रूच्या उजव्या बगलेवर पाठवलं आणि उत्तरेचा सेनापती हूकर याचा धीर मोडला. समोरच्या सेनापतीचा स्वभाव ओळखून त्यावर पैज लावायची, हे त्याच्याइतकं कोणाला जमलं नाही. शिवाय त्याच्या विजयांवर दक्षिणेची जनता तग धरून होती. त्याने नुसता बचाव केला असता तर जॉन्स्टनसारखं मागे मागे सरकत १८६२ मध्येच रिचमंड गेलं असतं, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद केला जातो आणि तो वजनदार आहे. चान्सेलर्सव्हिलपर्यंत मला तो पटतो.

पण हिशोब मांडा. दक्षिणेची गोरी लोकसंख्या सुमारे ५५ लाख, उत्तरेची दोन कोटींहून अधिक. जून १८६२ ते जुलै १८६३ या तेरा महिन्यांत लीने ऐंशी हजारांच्या आसपास माणसं गमावली: रिचमंडजवळच्या सात दिवसांच्या लढायांत सुमारे वीस हजार, अँटिटमला दहा हजार, चान्सेलर्सव्हिलच्या 'सुंदर' विजयात तेरा हजार, म्हणजे हाताशी होते त्यातला पाचातला एक. त्या विजयाने त्याला काय मिळालं? हूकर नदीपार गेला, त्याची फौज शाबूत राहिली आणि जॅक्सन गेला. मग पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. ३ जुलैला सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून पाऊण मैल चालत तोफांसमोर पाठवली, त्यातली जवळपास निम्मी पडली. लाँगस्ट्रीटने आदल्या दिवसापासून विरोध केला होता. तिथे बचावाचा कोणताही युक्तिवाद चालत नाही. लीलाही ते कळलं होतं. त्याने दोष स्वतःकडे घेतला आणि ऑगस्टमध्ये दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस याच्याकडे राजीनामा पाठवला, तो नामंजूर झाला. त्याचं चारित्र्य या पत्रात दिसतं, पण चारित्र्याने हल्ल्याचा निकाल बदलत नाही.

लीच्या हुकमांची ढबही पाहा. गेटिसबर्गच्या पहिल्या संध्याकाळी त्याने हाताखालचा सेनापती युवेल याला टेकडी 'जमल्यास' घ्यायला सांगितलं. जॅक्सन असता तर या शब्दाचा अर्थ 'आत्ताच घे' असा लागला असता. युवेल नवा, सावध, त्याला ते जमण्यासारखं वाटलं नाही. माणूस बदलला की हुकूमही बदलावा लागतो, आणि लीने तो बदलला नाही. ग्रँटचे हुकूम याउलट, आजही वाचले तरी नेमकं काय करायचं ते समजतं.

एक गोष्ट लीच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडायला हवी. तो १८६५ च्या सुरुवातीपर्यंत दक्षिणेच्या सगळ्या फौजांचा प्रमुख नव्हता. त्याच्यावर व्हर्जिनियाची जबाबदारी होती, ग्रँटवर देशाची, तेव्हा दोघांना एकाच मापाने तोलताना हात आखडता हवा. मात्र १८६३ च्या मे महिन्यात व्हिक्सबर्ग गळ्याशी आलं असताना आपल्या फौजेतून पश्चिमेला कुमक द्यायला लीनेच विरोध केला आणि पेनसिल्व्हेनियावरची स्वारी मंजूर करून घेतली. नजर व्हर्जिनियापुरती राहिली, त्यात त्याची स्वतःची निवडही होती.

यादवी युद्धाची पारख परकीय शत्रूशी झालेल्या युद्धाहून अवघड असते, कारण राजकारण छावणीच्या आतच असतं. याचं सगळ्यात बोलकं प्रकरण फिट्झ जॉन पोर्टरचं. माझ्या वर्गात मी सर्वाधिक वेळ त्यावर द्यायचो. २९ ऑगस्ट १८६२, मनॅससची दुसरी लढाई. उत्तरेचा सेनापती पोप याने हाताखालच्या पोर्टरला जॅक्सनच्या उजव्या बगलेवर तुटून पडायचा हुकूम दिला. पोर्टरने हल्ला केला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरेचा मोठा पराभव झाला आणि खापर पोर्टरवर फुटलं. तो मॅक्लेलनच्या गोटातला, पोपबद्दलचा तिरस्कार त्याने पत्रांतून लपवला नव्हता, आणि वॉशिंग्टनच्या सरकारला त्या गोटाला धडा शिकवायचा होता. जानेवारी १८६३ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला बडतर्फ केलं.

पोपला जे ठाऊक नव्हतं ते असं: दुपारपर्यंत लाँगस्ट्रीटची पंचवीस हजारांहून अधिक फौज जॅक्सनच्या उजवीकडे, थेट पोर्टरसमोर येऊन उभी राहिली होती. जी मोकळी बगल मारायची होती ती उरलीच नव्हती. हे सिद्ध व्हायला शत्रूची साक्ष लागली. १८७८-७९ मध्ये स्कोफिल्डच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं, त्यापुढे खुद्द लाँगस्ट्रीटने आपण त्या दिवशी कुठे होतो ते सांगितलं आणि मंडळाने पोर्टरला निर्दोष ठरवलं. लष्करात त्याला पुन्हा घेतलं गेलं ते १८८६ मध्ये. राष्ट्राध्यक्ष असताना ग्रँटने हे प्रकरण पुन्हा उघडायला नकार दिला होता. नंतर त्याने कागद स्वतः वाचले, आपलं मत चुकलं होतं असं ठरवलं आणि १८८२ मध्ये पोर्टरच्या बाजूने जाहीर लेख लिहिला. ग्रँटबद्दलचा माझा आदर जितका व्हिक्सबर्गमुळे आहे तितकाच या लेखामुळे आहे.

यातून घ्यायचं ते हे की सेनापतीला त्या घटकेला काय दिसत होतं ते शोधा, आणि त्यासाठी समोरच्या बाजूचे कागद वाचल्याशिवाय मत देऊ नका. उत्तरेच्याच सेनापती वॉरेनचंही असंच झालं. गेटिसबर्गला लिटल राउंड टॉप या टेकडीचं महत्त्व वेळेत ओळखणारा हा माणूस. १ एप्रिल १८६५ ला, युद्ध संपायला आठवडाभर उरला असताना, फाइव्ह फोर्क्सच्या जिंकलेल्या लढाईनंतर त्याचा वरिष्ठ शेरिडन याने त्याला पदावरून काढलं. चौकशी न्यायालय बसायला १८७९ उजाडलं आणि त्याचे बरेचसे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते वॉरेनच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, १८८२ मध्ये. वॉरेनला हटवण्याचा अधिकार शेरिडनला ग्रँटने दिला होता आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांत त्यानेच चौकशी होऊ दिली नाही. पोर्टरच्या बाबतीत दाखवलेला मोठेपणा इथे त्याला जमला नाही.

राजकारणाची दुसरी बाजू अशी की काही नालायक सेनापती पदावर ठेवणं हेच शहाणपण असतं. १८६४ च्या वसंतात ग्रँटने पाच आघाड्यांवर एकदम हालचालीची योजना आखली. त्यातले बटलर, सिगल आणि बँक्स तिघेही फसले. मग त्यांना नेमलं कशाला? कारण नोव्हेंबरात निवडणूक होती. बटलर हा युद्धाला पाठिंबा देणारा जुना डेमोक्रॅट, सिगलच्या मागे जर्मन वंशाचे मतदार, बँक्स माजी गव्हर्नर. लिंकन हरला असता तर युद्धच वाटाघाटीत संपलं असतं, गुलामीसकट. ग्रँटने हे गणित समजून घेतलं आणि त्या सेनापतींसह लढला. मॅक्लेलनला हे कधी समजलंच नाही. त्याने मोडलेल्या फौजेतून एक उत्तम फौज घडवली, हे श्रेय त्याचंच. पण शत्रू दुप्पट आहे असं धरून तो थांबायचा, आणि शेवटी १८६४ मध्ये तो लिंकनविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. ती निवडणूक शेरमनने २ सप्टेंबरला अटलांटा घेऊन फिरवली. यादवी युद्धात एखाद्या शहराची किंमत मतपेटीत मोजावी लागते.

या युद्धाचा आपल्याशी थेट धागाही आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. समुद्रात भर घालणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांवर अख्खं शहर सट्टा खेळलं. १८६५ च्या वसंतात दक्षिण हरल्याची बातमी आली, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारखे आसामी बुडाले. पीटर्सबर्गला लीची कोंडी करायला ग्रँटला नऊ महिने लागले, त्या नऊ महिन्यांवर मुंबईची भरभराट टांगलेली होती.

आता लाँगस्ट्रीट. ली १८७० मध्ये वारला, आत्मचरित्र न लिहिता. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी, विशेषतः जुबल अर्लीने, एक कथा रचली: ली कधी चुकला नाही, दक्षिण फक्त संख्येपुढे हरली, युद्ध गुलामीसाठी नव्हतंच. मग गेटिसबर्ग कोणी हरवलं? त्यासाठी माणूस लागत होता. १८७३ मध्ये लीच्या फौजेतल्या पेंडलटनने जाहीर भाषणात सांगितलं की लीने लाँगस्ट्रीटला २ जुलैला सूर्योदयाला हल्ला करायचा हुकूम दिला होता आणि त्याने तो मोडला. लाँगस्ट्रीटने लीच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं. असा हुकूम आपल्या ठाऊक नाही असं त्यांनी उत्तर दिलं. तरी कथा चालू राहिली. लाँगस्ट्रीट दोन जुलैला रेंगाळला, नाखुशीने लढला, ही टीका रास्त आहे. सूर्योदयाचा हुकूम ही मात्र बनावट गोष्ट.

त्यालाच का निवडलं? तो युद्धानंतर रिपब्लिकन पक्षात गेला, ग्रँटशी जुनी मैत्री जपली, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा स्वीकार केला आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर गोऱ्या बंडखोरांविरुद्ध कृष्णवर्णीय सैनिक असलेल्या दलाचं नेतृत्व केलं. गुन्हा हा होता. रिचमंडला लीचा भव्य पुतळा १८९० मध्ये उभा राहिला, २०२१ मध्ये तो उतरवला गेला. गेटिसबर्गच्या मैदानावर लाँगस्ट्रीटचा पुतळा यायला १९९८ उजाडलं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली तेही १८७३ चंच साल. युद्ध कशासाठी झालं हे पुण्यात बसून फुल्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच वर्षी व्हर्जिनियात ते झाकायचं काम चालू होतं.

म्हणून सेनापतीचं कसब आणि त्याचं उद्दिष्ट वेगळं ठेवा, असा सल्ला दिला जातो तेव्हा मी अर्ध्यावर थांबतो. डावपेच शिकताना वेगळं ठेवता येतं. दक्षिणेचा सेनापती फॉरेस्ट याच्या घोडदळाच्या हालचाली मी शिकवल्या आहेत, तो गुलामांचा व्यापारी होता आणि फोर्ट पिलोला त्याच्या माणसांनी शरण येणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली हे सांगूनच. पण नेतृत्वाचं मूल्यमापन करताना उद्दिष्ट बाजूला ठेवता येत नाही, कारण ते निर्णयांत उतरतं. ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने युद्धकैद्यांची अदलाबदल सुचवली. ग्रँटने विचारलं, कृष्णवर्णीय सैनिकही धरून का? लीने उत्तर दिलं की आमच्या नागरिकांच्या मालकीचे गुलाम त्यात येत नाहीत. अदलाबदल फिसकटली. माणसांची चणचण असलेल्या सेनापतीने माणसं परत मिळवायची संधी गुलामीपायी सोडली. उत्तरेच्या बाजूने तोवर हजारो कृष्णवर्णीय लढत होते, युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सुमारे १,८०,००० झाली. ग्रँटही निष्कलंक नव्हता. डिसेंबर १८६२ मध्ये त्याने आपल्या विभागातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा लाजिरवाणा हुकूम काढला आणि तो लिंकनला रद्द करावा लागला. शायलोच्या लढाईत, एप्रिल १८६२ मध्ये, तो बेसावध सापडला, हेही खरंच.

शेवटी थॉमस, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर. व्हर्जिनियाचा असून तो उत्तरेच्या बाजूने राहिला. घरच्या माणसांनी त्याला टाकलं आणि उत्तरेतही पहिल्यांदा संशयच वाट्याला आला. २० सप्टेंबर १८६३ ला चिकमॉगाला वरिष्ठ सेनापती मैदान सोडून गेल्यावर उरलेली फौज घेऊन तो संध्याकाळपर्यंत टेकडीवर टिकला आणि फौज वाचली. डिसेंबर १८६४ मध्ये नॅशव्हिलला दक्षिणेच्या हूडची फौज समोर असताना ग्रँट रोज तारा पाठवत होता: हल्ला करा. थॉमस घोडदळाला घोडे मिळेपर्यंत थांबला, मग जमिनीवर बर्फाचा थर बसला म्हणून थांबला. ग्रँटने त्याच्या जागी सेनापती लोगनला रवाना केलं आणि स्वतःही निघाला. १५ आणि १६ डिसेंबरला थॉमसने हल्ला केला. डावीकडे हूल दिली, उजवीकडून घोडदळ आणि पायदळ एकत्र फिरवलं, आणि हूडची फौज लढण्यालायक उरली नाही. त्याचं स्वतःचं नुकसान सुमारे ३,०००. शत्रूची फौज मैदानात मोडून तिचा पाठलाग शेवटपर्यंत नेणारी यासारखी दुसरी लढाई या युद्धात नाही.

तो १८७० मध्ये वारला. त्याने आठवणी लिहिल्या नाहीत आणि खासगी कागद नष्ट केले. शेरमनचं पुस्तक १८७५ मध्ये आलं, ग्रँटचं १८८५ मध्ये, आणि दोघांनी रंगवलेला 'संथ थॉमस' लोकांच्या मनात बसला. तुम्हाला स्वतः पारख करून पाहायची असेल तर नॅशव्हिलच्या त्या दोन आठवड्यांतल्या तारा काढा आणि तारखेनुसार लावून वाचा. ग्रँटच्या अधीर आहेत, थॉमसच्या छोट्या, आदबशीर आणि ठाम. मला बडतर्फ केलंत तरी मी तक्रार करणार नाही, पण तयारी झाल्याशिवाय हल्ला करणार नाही, असा त्याच्या उत्तरांचा आशय आहे. त्या आठवड्यापुरता मी ग्रँटच्या विरुद्ध बाजूला उभा आहे.